लहान मुलांना घेऊन पहिल्यांदाच गणपतीला कोकणात जाताय? जूनपासून परतीपर्यंतची तयारी

गणपतीला गावी जायचं ठरलं की घरात पहिला विषय निघतो तो तिकिटाचा. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर तिकीट दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिला फोन गावच्या घरी करा.

हा लेख मुंबई, ठाणे, पुण्याहून रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात मूळ घरी जाणाऱ्या आई-वडिलांसाठी आहे. त्यातही ज्यांचं माहेर कोकणातलं नाही अशा सुना, जावई आणि मूल झाल्यावर पहिल्यांदाच निघालेली जोडपी डोळ्यांसमोर आहेत. गणपतीचं गावचं घर म्हणजे एका छपराखाली वीस-पंचवीस माणसं, रात्री भजनं, दिवसभर चूल आणि बाहेर कोसळणारा पाऊस. मुलांना यातलं बरंचसं मनापासून आवडतं. पण त्यांची झोप, भूक आणि पोट यांची सोय आधी लागलेली असावी लागते, आणि ती सोय आपल्या बॅगेत नसते. ती गावच्या माणसांच्या हातात असते.

पहिली पायरी: गावाशी बोलणं (जूनमध्येच)

फोन कोणाला करायचा हे महत्त्वाचं. नवऱ्याचे वडील किंवा काका ‘या हो, घर आपलंच आहे’ म्हणतील आणि विषय संपेल. झोपायच्या जागा, अंथरुणं, स्वयंपाक हे सगळं ज्यांच्या हाती असतं त्या काकूंशी किंवा थोरल्या जाऊबाईंशी बोला. त्यांना हे विचारा:

यंदा किती माणसं येणार आणि कोण कधी निघणार? आपल्याला झोपायला कुठे? गणपती माजघरात किंवा ओटीला लागून बसत असेल, तर भजन तिथेच रात्री उशिरापर्यंत चालतं. बाळासाठी मागची खोली मागून घ्या. यात मानापमान काहीच नाही, फक्त आधी सांगावं लागतं. ऐन चतुर्थीच्या आदल्या रात्री जागा बदलायला गेलं की कोणाचं तरी अंथरूण हलतं आणि मग मनंही हलतात.

संडास घरात आहे की परसात? नुकतंच शी-शू सांगायला लागलेलं मूल अंधारात, पावसात परसात जायला घाबरतं आणि दोन-दोन दिवस धरून ठेवतं. बाहेर असेल तर मुलाच्या सवयीचं प्लॅस्टिकचं भांडं सोबत घ्या. इन्व्हर्टर आहे का, मोबाईलला रेंज कुठे मिळते, मुलांचे डॉक्टर कोणत्या गावात बसतात, सर्पदंशाची लस असलेलं सर्वात जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, हेही याच फोनवर लिहून घ्या.

आणि गणपती किती दिवसांचा ते विचारा. दीड, पाच, सात, अकरा, काही घरांत एकवीस. पुष्कळ घरांत गौरींबरोबर गणपती जातो. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर पुजल्या जातात आणि मूळ नक्षत्रावर जातात, म्हणून विसर्जनाचा दिवस दरवर्षी सरकतो. परतीचं तिकीट गेल्या वर्षीच्या हिशेबाने काढू नका, कॅलेंडर उघडून काढा.

दुसरी पायरी: तिकीट

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी खुलं होतं. नोव्हेंबर २०२४ आधी ही मुदत १२० दिवसांची होती, त्यामुळे घरातली मोठी माणसं अजूनही चार महिन्यांचा हिशेब सांगतात. २०२६ची चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. शनिवारी १२ तारखेला निघायचं तर १४ जुलैला सकाळी ८ वाजता बसावं लागेल. नियमित गाड्या काही मिनिटांत भरतात. नंतर गणपती स्पेशल गाड्या जाहीर होतात, त्यांच्या बातम्यांवर लक्ष ठेवा. आरक्षणाच्या खात्याला आधार जोडून ठेवणं आदल्या आठवड्यातच उरका. तत्काळ तिकिटालाही ते लागतं.

पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वयाच्या मुलाला बर्थ हवी असेल तर पूर्ण भाडं पडतं, बर्थ नको असेल तर अर्धं. माझं स्पष्ट मत आहे की रात्रीच्या गाडीला तीन-चार वर्षांच्या मुलासाठीही पूर्ण पैसे भरून बर्थ घ्यावी. एका बर्थवर आई आणि चार वर्षांचं मूल रात्रभर झोपत नाहीत, दोघं नुसती कुशी बदलत राहतात, आणि दुसऱ्या दिवशी गावी पोचल्यावर आराम नसतो.

गाडी जिथून सुटते तिथूनच चढा. सीएसएमटी, लोकमान्य टिळक टर्मिनस, दादर, जे तिकिटावर सुरुवातीचं असेल ते. घर ठाण्यात असलं तरी मुलांसह ठाण्याला किंवा पनवेलला चढायचा मोह टाळा. गणपतीच्या आधीच्या दोन रात्रींत आरक्षित डब्याच्या दारातही माणसं बसलेली असतात, आणि कडेवर मूल, पाठीवर बॅग घेऊन त्यांच्यातून आत शिरणं धोक्याचं आहे.

दिवसाची गाडी मिळाली तर ती जास्त चांगली. मांडवी एक्सप्रेससारख्या गाडीत खिडकीतून पावसाळी कोकण दिसतं आणि मूल गुंतून राहतं. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. मुलांना बोगदे मोजायला लावा, अंधार-उजेडाच्या या खेळात त्यांचा प्रवास सुखाचा होतो. मात्र पावसाळ्यात या मार्गाला वेगळं वेळापत्रक लागू असतं आणि गाड्या मुद्दाम कमी वेगाने चालवतात. उन्हाळ्यात पाहिलेली वेळ धरू नका आणि खाऊ, दूध, लंगोट तीन-चार तास जास्तीचे ठेवा.

रेल्वे नाहीच मिळाली तर एसटी आहे. पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं, महिलांनाही निम्मं भाडं. वाडीतली मंडळी मिळून सामूहिक आरक्षण करतात तेव्हा गाडी थेट गावात जाते. लहान मुलांसाठी हा पर्याय मला फार मोलाचा वाटतो, कारण राजापूर रोडसारखी स्टेशनं गावापासून बरीच लांब आहेत आणि तिथून पुढची रिक्षा शोधण्यातच मुलं रडकुंडीला येतात. गाडीत सगळी ओळखीची माणसं असतात, मूल या मांडीवरून त्या मांडीवर जातं.

तिसरी पायरी: स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर

मुंबई-गोवा महामार्गाची, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६ची, पनवेल ते माणगाव ही बाजू गणपतीत सर्वात जास्त अडकते. कशेडीच्या बोगद्यांमुळे पोलादपूर-खेड हा टप्पा पूर्वीच्या घाटापेक्षा सोपा झाला आहे. पुण्याहून माणगावकडे ताम्हिणी आहे. चिपळूणला जाणारे कराडवरून कुंभार्ली घाट धरतात, सावंतवाडीकडचे कोल्हापूरवरून आंबोली. निघायच्या दिवशी सकाळी घाट चालू असल्याची खात्री करून घ्या, दरड पडल्यावर मागे वळायला जागा नसते. गेल्या काही वर्षांत गणेशभक्तांच्या गाड्यांना टोलमाफीचे पास पोलीस ठाण्यांतून आणि आरटीओतून मिळतात. ते जाहीर झाले की घेऊन ठेवा.

रात्री अकराला निघून सकाळी पोचायचं, मुलं झोपतील, असा विचार बरेच जण करतात. मुलं झोपतात, पण दिवसभर काम केलेला चालकही झोपेला आलेला असतो. त्यापेक्षा रात्री लवकर झोपून पहाटे चारला निघा. चतुर्थीच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी तर मुळीच नको. रजा असेल तर तीन-चार दिवस आधी जा, घराची आवराआवर आणि गणपतीची आरास मुलांना बघायला मिळते.

मुलांना पुढच्या सीटवर मांडीवर घेऊ नका. अचानक ब्रेक लागला तर कोणाच्याही हातात मूल धरून राहत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट कायद्यानेच लागते. गाडी लागणाऱ्या मुलाला घाटाआधी तासभर दूध देऊ नका, कोरडं काहीतरी थोडं द्या, मोबाईल काढून घ्या आणि समोरचा रस्ता दिसेल असं बसवा. उलटीचं औषध लागणार असेल तर ते डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून आणा.

चौथी पायरी: बॅग

भाद्रपदातल्या कोकणात कपडे वाळत नाहीत. सगळी बॅग या एका गोष्टीवर बेतायची. मुंबईत दिवसाला दोन जोड लागत असतील तर गावी चार धरा, पातळ सुती, पटकन सुकणारे. जीन्स घरी ठेवा. सुती लंगोट वापरत असाल तरी या आठवड्यासाठी डायपर घ्या, आणि सगळे इथूनच न्या. ते तालुक्याच्या गावी मिळतात, वाडीतल्या दुकानात हव्या त्या मापाचे मिळतीलच असं नाही. वापरलेले डायपर टाकायची सोय वाडीत नसते. ते परसात किंवा वहाळात, म्हणजे ओढ्यात, जाता कामा नयेत. काळ्या जाड पिशव्या न्या, आणि कुठे टाकायचं ते काकूंना पहिल्याच दिवशी विचारा.

रेनकोट, गमबूट, विजेरी, पॉवर बँक, सुटे पैसे. मच्छरदाणी नक्की, आणि ती गादीखाली खोचता येईल एवढी मोठी. याचं कारण पुढे येतंय.

औषधांत ओआरएसची पाकिटं, झिंक, तापाचं औषध, जखमेचं मलम. ताप आणि जुलाब यांची मात्रा निघायच्या आधी आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून मुलाच्या वजनानुसार कागदावर लिहून घ्या आणि कागदाचा फोटो काढून ठेवा. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायचं, अर्धं पाकीट अंदाजाने नाही, आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.

पाचवी पायरी: घरात शिरल्यावर

पोचल्याबरोबर बाळ सगळ्यांच्या हातात जातं. आजी, आत्या, चुलत आत्या, शेजारच्या घरची आजी. वर्षभर फोटोत पाहिलेलं लेकरू त्यांना उचलून घ्यावंसं वाटणारच. पण सात-आठ महिन्यांच्या पुढचं बाळ अनोळखी चेहऱ्याला घाबरतं. पहिला अर्धा तास ते आईच्या किंवा बाबांच्या कडेवरच राहू द्या, मंडळींना जवळ बसून बोलू द्या. हे सांगायचं काम ज्याचं ते घर त्याने करावं. सुनेने सांगितलं की ते कानाला वेगळं लागतं. घरच्या मुलाने आपल्या आत्याला सांगितलं की ती हसून मानते.

जेवणाची वेळ हा खरा प्रश्न. पूजा, नैवेद्य, आरत्या होऊन पानं मांडेपर्यंत दुपारचे दोन वाजतात. दोन वर्षांचं मूल तेवढं थांबू शकत नाही आणि त्याने थांबावं असं कोणत्याच जाणत्या घरात कोणाला वाटत नाही. ‘पोराक आधी वाढ गो’ हे आजीच म्हणते. मात्र सोवळ्याचा स्वयंपाक चालू असताना चुलीपाशी जाऊन भात मागू नका. आदल्या रात्रीच काकूंना सांगून मुलांचा मऊ भात आणि वरण सकाळी वेगळं शिजवून घ्या. हे काम आपण स्वतः करायची तयारी दाखवलीत तर कोणाला जड जात नाही. ऋषिपंचमीची भाजी, गौरीचं घावन-घाटलं, काळ्या वाटाण्याची आमटी हे मुलांना घासभर चाखवा. पोट भरायला सवयीचं अन्न असू द्या. काही घरांत गौरीला मांसाहारी, तिखट नैवेद्य असतो, तेव्हा मुलांसाठी काय हेही आधीच ठरवा. पाणी विहिरीचं असो की नळाचं, मुलांना उकळूनच.

आता सर्वात नाजूक मुद्दा. पंचामृतात मध असतो. एक वर्षाखालच्या बाळाला मध थेंबभरही द्यायचा नाही. मधात बोट्युलिझम घडवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाचं आतडं त्यांना वाढू देत नाही, बाळाचं तेवढं तयार झालेलं नसतं, आणि हा आजार बाळाचे स्नायू लुळे पाडतो. तीर्थ देणाऱ्या काकांना आधीच सांगा, पळीतलं तीर्थ आईने घ्यावं आणि बाळाच्या कपाळाला बोट लावावं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, त्यामुळे घुटी, साखरपाणी हे सगळंच टाळायचं. वाद घालत बसू नका. ‘डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे’ या एका वाक्यावर बहुतेक आज्या थांबतात, कारण बाळाचं बरं व्हावं हेच त्यांनाही हवं असतं.

प्रसादाचे शेंगदाणे, फुटाणे, खोबऱ्याचे तुकडे चार वर्षांखालच्या मुलाच्या हातात जाऊ देऊ नका, घशात अडकतात. मोदक चालेल, निववून, छोटे घास करून. समई, निरांजन आणि कापूर मुलाच्या उंचीवरच असतात, आणि न्हाणीत बंबातलं पाणी कढत असतं. आधी गार पाणी बादलीत, मग गरम, हा क्रम सगळ्यांना सांगून ठेवा.

दुपारची झोप मोडू नका. आरती असली तरी. चांगली झोप झालेलं मूल संध्याकाळी स्वतः झांज मागतं, फुगडीच्या रिंगणात शिरतं. तीन-चार वर्षांच्या मुलांना कामं द्या: दुर्वा निवडून जुड्या करणं, फुलं परडीत ठेवणं, गौरीच्या तेरड्याची रोपं आणायला मोठ्यांबरोबर जाणं. आरत्या निघायच्या महिनाभर आधीपासून घरी म्हणा, शब्द ओळखीचे झाले की गोंगाटाची भीती जाते.

सहावी पायरी: घराबाहेर

दिवसाचे तास वाटून घ्या. वीस माणसांच्या घरात प्रत्येकाला वाटतं की मुलाकडे दुसरा कोणीतरी बघतोय. सकाळी बाबा, दुपारी आई, संध्याकाळी आत्या, असं नाव घेऊन ठरवा, आणि पाळी बदलताना ‘आता तुझ्याकडे’ असं तोंडाने सांगा. विहिरीला जाळी आहे का ते पहिल्याच संध्याकाळी बघा. वहाळ सकाळी घोट्याएवढा असतो आणि डोंगरात पाऊस झाला की थोड्या वेळात कमरेला लागतो. समुद्रात पाय भिजवायलाही या दिवसांत उतरू नका.

कोकणात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आहेत. मण्यार रात्री घरात येतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो, तेव्हा दंशाची खूण आणि वेदना इतकी कमी असते की कळतही नाही. गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हा त्यावर खरा उपाय आहे. अंधारात विजेरीशिवाय पाऊल नाही, बूट झटकल्याशिवाय पाय आत नाही, लाकडांच्या आणि चिऱ्यांच्या ढिगाजवळ खेळ नाही. दंश झालाच तर दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. मुलाला चालू न देता, हात-पाय न हलवता थेट सरकारी रुग्णालयात न्या. १०८ला फोन करा, पण गाडी दारात उभी असेल तर थांबू नका. विंचू चावलेल्या मुलाला घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर तेही तितकंच तातडीचं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या संशोधनाने प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ झाला आणि त्यामुळे कोकणातली असंख्य मुलं वाचली. वेळेत पोचणं तेवढं आपल्या हातात.

विसर्जनाला मुलांना न्या. ढोल, गुलाल, पाण्यात जाणारी मूर्ती हे त्यांना आयुष्यभर आठवतं. पण पाण्याच्या काठापासून मागे, प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस, आणि त्या माणसाने मूर्तीला हात लावायला जायचं नाही. काही मुलं बाप्पा बुडताना हमसून रडतात. त्यांना हसू नका, ‘पुढच्या वर्षी परत येणार’ हे जवळ घेऊन सांगा.

सातवी पायरी: परत येताना

गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सगळं कोकण एकदम निघतं. एक दिवस उशिरा निघालात तर गाडीही रिकामी मिळते आणि पाहुणे गेल्यावरच्या शांत घरात आजीला नातवंडं मनसोक्त भेटतात. शक्य असेल त्यांनी हे कराच. लहान स्टेशनांवर गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते, म्हणून डबा कुठे येणार ते आधी विचारून तिथेच उभे राहा; आधी एक मोठं माणूस चढेल, मग मुलं, मग सामान.

घरी आल्यावर महिनाभर मुलाच्या तापाकडे लक्ष ठेवा. भातशेतीच्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो, त्याचा ताप साधारण पाच ते चौदा दिवसांनी, कधी महिन्यानेही येतो, तोवर गावची आठवण मागे पडलेली असते. डेंग्यू आणि मलेरियाही याच दिवसांतले. मूल तापलं तर दोन दिवस वाट न बघता दाखवा, आणि गावी कोणत्या तारखांना होतात, मूल शेतात अनवाणी खेळलं का, पायाला जखम होती का, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणहून सांगा.